पाण्याच्या खुणेवर

"भिंतीवर लिहायचा मार्कर आहे काय?"

मी खाली वाकून खडूंचे खोके लावत होते. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वर बघितलं आणि हातातला खोका हातातच राहिला. काउंटरच्या पलीकडे अण्णासो मगदूम उभे होते. अभिनंदनचे वडील. पोस्टातून रिटायर झालेले, अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि कपाळाला आठी. ती आठी ते बहुतेक झोपतानाही काढून ठेवत नसावेत.

"कशासाठी हवाय काका?"

"सांगितलं की. भिंतीवर लिहायला."

मला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. भिंतीवर लिहितो म्हणून ह्याच माणसानं पोटच्या पोराला भर चौकात थोबाडीत मारली होती. एका दवाखान्याच्या कंपाउंडवर अभिनं मोठ्या अक्षरांत 'घाऱ्या' लिहिलं होतं. त्याचे डोळे घारे, म्हणून त्याच्या आईनं लहानपणी ठेवलेलं हे नाव. दवाखान्याचा माणूस तक्रार घेऊन थेट काकांना भाजी मंडईच्या चौकात भेटला. घरातलं नाव गावाच्या भिंतीवर गेलं ह्याचा काकांना राग जास्त की लोकांसमोर मान खाली गेली ह्याचा, कुणाला माहीत. मी तिथंच होते. काकांच्या एका हातात मेथीची पिशवी होती, ती त्यांनी मारतानाही खाली ठेवली नव्हती. त्याच आठवड्यात अभि घर सोडून गेला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. आईला फोन नाही, मलाही नाही. माझ्याशी तरी त्यानं असं करायला नको होतं. तो राग मी तोवर नीट जपून ठेवला होता.

सांगलीत तेव्हा भिंतीवर असं काही लिहिणारे आम्ही दोघंच. तो घाऱ्या, मी काडी. मी होतेच तशी काडीसारखी. मामाच्या स्टेशनरीच्या दुकानात मी बसायचे, त्यामुळे सामानाची चैन होती. कुठला मार्कर उन्हात टिकतो, कुठला पहिल्या महिन्यातच विटतो, हे आम्ही भिंती खराब करकरून शिकलो होतो.

मी काकांसमोर ऑफिसातला साधा काळा मार्कर ठेवला. त्यांनी टोपण काढलं, वास घेतला, परत लावलं.

"हा नको. हा उन्हानं उडतो. न उडणारा दे."

"तुम्हाला कुणी सांगितलं उडतो म्हणून?"

"बघितलंय," ते म्हणाले. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून पुढं झुकले. "शर्वरी, मला शिकवशील काय? तो लिहायचा तसं. त्याचं नाव."

भिंतीवर नावं लिहिणाऱ्यांत एक कायदा असतो, आणि तो कुणी लिहून ठेवलेला नसतो. दुसऱ्याचं नाव आपण लिहायचं नाही. त्याच्या नावावर आपलं नाव टाकणं हे भांडण असतं, पण त्याचं नाव त्याच्यासारखं लिहिणं ही चोरी. मी काकांना तसं सांगितलं. वर हेही म्हणाले, "उद्या तो आला आणि बघितलं तर मलाच फाडून खाईल."

"नाही खायचा," काका म्हणाले.

एवढंच. आवाज न चढवता. मला वाटलं, म्हाताऱ्याला पश्चात्ताप झालाय. पोराच्या अक्षरावरून बोट फिरवून तरी त्याच्याजवळ जावं असं वाटत असेल. मारताना कुठं गेलं होतं हे, असंही मनात आलं. पण माझं मन एवढं कठीण कधीच नव्हतं. मी हो म्हटलं.

ते संध्याकाळी यायचे. मगदुमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं, त्यानंतर काकूंना 'फिरून येतो' सांगून ते दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन बसायचे. मी त्यांच्यापुढं पहिल्यांदा रद्दी टाकली.

"कोरा कागद दे की. परवडतो मला," ते म्हणाले.

"कोऱ्या कागदाला माणूस भितो काका. रद्दीवर हात सुटतो."

काकांचं अक्षर सुंदर होतं, आणि तीच खरी अडचण होती. जन्मभर पावत्या लिहिलेला हात. प्रत्येक अक्षर सरळ, प्रत्येक काना काठीसारखा. त्यांनी पहिल्यांदा 'घाऱ्या' लिहिलं ते एखाद्या शाळेच्या नामफलकावर शोभलं असतं. मी म्हटलं, "छान आहे. आता हे बिघडवायचं." अक्षर बिघडवायला शिकायचं असतं हे त्यांना पटायलाच बरेच दिवस गेले.

"मनगट हलवू नका. खांद्यापासून हात फिरवा. भिंतीवर मनगट चालत नाही."

"आणि थांबू नका. थांबलात की रंग गोळा होतो आणि खाली ओघळतो. ओघळ दिसला की समजायचं लिहिणारा नवशिका आहे."

ते मान डोलवायचे. शाळेतल्या मुलासारखं चुकलेलं पान दुमडून बाजूला ठेवायचे. रद्दीनंतर मी खाकी कागद दिला. त्याला भिंतीसारखा खरखरीतपणा असतो, शाई थोडी पितो. गुळगुळीत ड्रॉइंग शीटवर सगळंच बरं दिसतं आणि भिंतीवर गेल्यावर फजिती होते. तिरप्या टोकाचा मार्कर कसा धरला की रेघ जाड येते, कसा वळवला की बारीक होते, हे त्यांनी पटकन घेतलं. 'घ'चं पोट अभि फुगवायचा आणि शेवटच्या 'ऱ्या'ची रेघ एका झटक्यात मागं नेऊन सगळ्या नावाखालून ओढायचा. तो झटका काकांना जमेना. दरवेळी शेवटी हात भ्यायचा.

"रागात लिहा," मी एकदा कंटाळून म्हणाले. "तो रागातच लिहायचा."

काकांनी मार्कर खाली ठेवला. मग उचलला आणि एका दमात ओढला. ती रेघ अभिची होती.

त्या दिवशी मी त्यांना पेंट मार्कर दिला. आतली गोळी खडखड वाजेपर्यंत हलवायचा, टोक कागदावर दाबून रंग खाली उतरवायचा, मग लिहायचं. शाईसारखा हा उडत नाही. भिंत आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायची, नाहीतर चुन्याची भुकटी टोकात बसते आणि मार्कर मरतो. सगळं सांगितलं. कुठं लिहिणार ते मी विचारलं नाही आणि पुढं बघायलाही गेले नाही. त्याचं नाव त्याच्या हातचं नसलेलं मला बघायचं नव्हतं.

मग एक दिवस रत्नाकाकू दुकानात आल्या. अभिची आई. घरी शिवणकाम करायच्या, बॉबिन आणि खडूसाठी आमच्याकडे यायच्या. अभि गेल्यापासून मान वर करून बोलत नव्हत्या, आणि आज चेहऱ्यावर उजेड होता.

"शर्वरी, आला होता गं!"

"कोण काकू?"

"कोण काय विचारतीस? घाऱ्या! गिरणीच्या बोळात परत लिहून गेलाय. ताजं आहे, हात लावला तर बोट काळं झालं. घरी यायला लाज वाटत असणार. बापाला भितोय अजून. पण आहे, इथंच आहे कुठंतरी." त्यांनी बोट मला दाखवलं. खरंच काळं होतं. त्यांनी ते धुतलं नव्हतं.

त्या गेल्या. संध्याकाळी काका मागच्या खोलीत आले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. बायकोला असं फसवता? तिला खोटी आशा लावता? उद्या तो खरंच आला नाही तर तिचं काय होईल, ह्याचा विचार केलाय का?

काका उभेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो येणार नाही, शर्वरी."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच अग्नी दिला त्याला," ते म्हणाले.

बेंगळुरूला तो मोठ्या इमारतींवर चित्रं काढणाऱ्या एका ठेकेदाराकडं लागला होता. ह्याच श्रावणात परांची तुटली आणि तो वरून पडला. खिशातल्या कार्डावर सांगलीचा पत्ता होता. काकांना फोन आला तेव्हा काकू मशीनवर बसल्या होत्या. पेन्शनच्या कामाला पुण्याला जातो, असं सांगून काका एकटे गेले. तिथं अनोळखी माणसांत सगळं उरकलं. परतीच्या गाडीत बायकोला कसं सांगायचं त्याचे शब्द जुळवत आले.

"दारात पाऊल टाकलं तर ही धावत आली. हसत होती गं. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, घाऱ्या आलाय, गिरणीच्या भिंतीवर नाव लिहून गेलाय, चला दाखवते. हाताला धरून नेलं मला. तिथं कुठल्या तरी नाटकाचं पोस्टर होतं, ते वाऱ्यानं निघालं होतं. त्याच्या खाली हे नाव. जुनंच. पण ऊन लागलं नव्हतं ना, म्हणून नव्यासारखं काळंभोर." ते खाली बसले. "तिथं भिंतीपुढं मी काय सांगू तिला? उद्या सांगू म्हटलं. मग परवा. आणि मग ते उन्हानं उडायला लागलं. रोज जाऊन बघायची ती. रोज थोडं फिकं. मला वाटलं, हे पुसलं गेलं की ही पण जाईल."

अभि मेला होता. दोन वर्षं ज्याच्यावर मी रुसून बसले होते तो श्रावणापासून नव्हता, आणि मी ज्या हाताला त्याचं अक्षर शिकवत होते त्याच हातानं त्याला अग्नी दिला होता. मला ओरडून रडायचं होतं. बाहेर मामा गिऱ्हाईकाला पेन्सिली मोजून देत होता. मी तोंडात ओढणी कोंबली.

"तिला सांगू नको," काका म्हणाले. "तुझ्या पाया पडतो."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

दिवाळी गेली. काका अधूनमधून पहाटे फिरायला जाताना लिहून यायचे. घाटाच्या वाटेवर, शाळेच्या मागं. काकू दर वेळी येऊन मला सांगायच्या. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड हळूहळू कमी होत होता. मला वाटलं, तो घरी येत नाही म्हणून. एक दिवस त्या काउंटरवर टेकल्या आणि म्हणाल्या, "दुकान सोडून ये जरा माझ्याबरोबर."

त्या मला गिरणीच्या बोळात घेऊन गेल्या. नदीच्या अंगाचा हा सगळा भाग पुरात बुडालेला. मंडळाच्या पोरांनी पाणी कुठवर चढलं होतं तिथं भिंतीवर लाल पट्टा मारून ठेवला होता. बोळभर तो पट्टा दिसायचा, उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाणारा. पट्ट्याच्या वर अभिचं जुनं नाव होतं, आता राखेसारखं फिकट झालेलं. पट्ट्याच्या खाली, काकांच्या खांद्याइतक्या उंचीवर, नवं नाव. काळं, ठसठशीत, अगदी त्याच्यासारखं.

मी ते पहिल्यांदाच बघत होते, आणि बघताक्षणी मला समजलं.

मी काकांना कागद शिकवला, रंग शिकवला, खांदा शिकवला. उंची शिकवलीच नाही. कारण आम्हाला ती कधी शिकावीच लागली नव्हती. पूर आला तेव्हा अभि बारा-तेरा वर्षांचा होता. ह्याच बोळात त्यांच्या घरात पाणी माळ्यापर्यंत चढलं आणि त्याची सगळी चित्रं लगदा होऊन गेली. तेव्हापासून तो पाण्याच्या खुणेखाली काहीही ठेवत नसे. पुस्तकं नाही, कपडे नाहीत. भिंतीवरही तो नेहमी पट्ट्याच्या वरच लिहायचा. उंच होता, टाचा उचलल्या की पोचायचा. मी लिहिताना पायाखाली घ्यायला डबा घेऊन जायचे, आणि तो हसायचा.

"त्याचे शर्ट मीच शिवायची," काकू म्हणाल्या. त्यांनी हात वर करून जुन्या नावाखाली धरला. "रेडिमेडच्या बाह्या त्याला पुरायच्या नाहीत. त्याचा हात इथवर जातो." मग तोच हात खाली आणून त्यांनी नव्या नावावर ठेवला. "आणि हा हात कुणाचा आहे ते पण मला माहीत आहे. त्यांचे शर्ट पण मीच शिवते."

मी भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"पुण्याहून आले तेव्हा धोतर न्यायच्या पिशवीत राख होती," काकू म्हणाल्या. "कोपऱ्यात चिमूटभर राहिलेली. मी पिशवी धुतली तेव्हा हाताला लागली. मला वाटलं, कुठल्या देवाचा अंगारा असेल. तसंच वाटून घेतलं मी." त्यांनी भिंतीवरचा हात काढला. "गेला ना गं माझा घाऱ्या?"

मी शब्द दिला होता, आणि तो मी मोडला नाही. पण माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागले, आणि त्या मात्र ताठ उभ्या होत्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, जणू माणूस माझंच गेलं होतं.

"काकांशी बोला ना काकू."

"काय बोलू? ते मला सांभाळायलेत, म्हणून उभे आहेत. मला कळलंय म्हणून सांगितलं तर खाली बसतील. पण असं तरी किती दिवस?" पदरानं त्यांनी माझे डोळे पुसले, स्वतःचे नाहीत. "तू शिकवलंस ना त्यांना? मग एवढं पण शिकव. त्यांना सांग, घाऱ्याचं नाव पाण्याच्या खुणेच्या वर लिहितात."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घाटाकडे जाणाऱ्या भिंतीपाशी काकांना गाठलं. धुकं होतं, पण इथल्या भिंतीवरचाही लाल पट्टा त्यातून दिसत होता. ते फडक्यानं भिंत पुसत होते, मी शिकवलं होतं तशी, कोपऱ्यापासून. मला बघून थोडे दचकले, मग म्हणाले, "बरं झालं आलीस. शेवटची रेघ बघ आज."

त्यांनी मार्कर हलवला. आतली गोळी खडखडली.

"काका, इथं नको," मी म्हणाले. "वर लिहा. पट्ट्याच्या वर."

"वर कशाला? मला पोचत नाही."

"तो पट्ट्याच्या खाली कधीच लिहायचा नाही."

त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. ह्या गावात सगळा जन्म गेलेला माणूस. त्या पुरात त्यांनीच अभिला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं होतं. त्यांचा मार्करचा हात सावकाश खाली आला.

"इतके दिवस नाही बोललीस ते? आज कसं आठवलं?"

मी गिरणीच्या बोळाकडे बघितलं.

"तिनं सांगितलं," ते म्हणाले.

मी मानेनं हो म्हटलं. काका तिथंच ओट्यावर बसले. टोपण न लावलेला मार्कर त्यांच्या हातात तसाच होता आणि धोतरावर काळा डाग पसरत होता. "म्हणजे तिला माहीत आहे," ते म्हणाले. मग परत म्हणाले. मार्कर घ्यायला मी हात पुढं केला, पण त्यांनी तो सोडला नाही.

बोळातून पावलं वाजली. धुक्यातून रत्नाकाकू येत होत्या. दोन्ही हातांत मशीनपुढचं लाकडी स्टूल होतं, ज्यावर बसून त्यांनी त्याचे सगळे शर्ट शिवले होते. त्यांनी ते भिंतीपाशी ठेवलं, हलतंय का बघितलं, खाली दगडाची कपची सारली. काकांनी मान वर केली नाही.

"उठा," काकू म्हणाल्या.

"रत्ना, मी तुला..."

"उठा म्हणते ना. चढा. मी धरते."

ते उठले. एक पाय स्टुलावर ठेवला, दुसरा उचलला. काकूंनी दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले आणि कपाळ त्यांच्या गुडघ्याला टेकवलं. काकांनी हात वर नेला. पट्ट्याच्या वर, आणखी थोडा वर. 'घ'चं पोट नीट फुगलं. काना आला. शेवटची रेघ त्यांनी मागं ओढायला घेतली आणि निम्म्यावर हात थांबला. खाली काकू रडत होत्या. त्या रडण्यानं स्टूल हलत होतं.

रंग एका जागी गोळा झाला, फुगला आणि खाली निघाला. पट्ट्यावरून, पट्ट्याच्या खाली, भिंतीवरून सरळ खाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. चूक झाली होती, आणि ती त्यांना माहीत होती. त्यांनी खिशातलं फडकं काढलं.

"पुसू नका," काकू म्हणाल्या. "राहू दे तसंच."

त्यांनी पाय सोडले नाहीत. मी जवळ गेले आणि स्टूल दुसऱ्या बाजूनं धरलं.